रिटच केलेली दीर्घिका

भोरच्या बाजारपेठेत रामभाऊंचा फोटो स्टुडिओ होता आणि त्या स्टुडिओत ज्ञानू होता, म्हणून १९६८ साली तालुक्यात एकही उपवर मुलगी काळी नव्हती. निदान फोटोत.

ज्ञानू उत्रोलीचा. सकाळी सायकल मारत यायचा, मागच्या खोलीत खिडकीशी बसायचा, डोळ्याला भिंग लावायचा आणि काचेच्या निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने काम करायचा. निगेटिव्हवर पेन्सिल फिरवली की फोटोत तेवढी जागा उजळते, बारीक चाकूने खरवडली की काळवंडते. एवढ्या दोन हत्यारांवर त्याने देवीचे व्रण बुजवले, तिरळे डोळे सरळ केले, एका टकल्या ग्रामसेवकाला भांग पाडून दिला. जिवंतपणी फोटो काढायचा राहून गेलेल्या माणसाचा मेल्यावर काढून घ्यायचे. त्याचे डोळे उघडायचं काम ज्ञानूचं. वरवे बुद्रुकच्या एका घरात तर म्हाताऱ्याचा फोटो बघून बायका कुजबुजल्या होत्या, की हयातीत ह्यांच्या तोंडावर एवढी समज कधी दिसली नाही.

रामभाऊ गिऱ्हाइकाचं पाकीट मागच्या खोलीत आणून टाकताना दोनच शब्द बोलायचे. "चांगलं कर." त्या दोन शब्दांत सगळं आलं. कुणाचं नाक, कुणाची हनुवटी, हे ज्ञानूला सांगावं लागत नसे.

फाल्गुनात एका दुपारी सावळाराम गुरुजी आले. गुरुजी भोरात शाळेवर विज्ञान शिकवायचे आणि सुट्टी लागली की पासलीला सासुरवाडीला जायचे. सासुरवाडीची ओढ म्हणावी तर ती नव्हती. सासूबाईंचं भाताचं खळं डोंगराच्या कुशीत होतं, तिथे काळोख चांगला पडायचा, आणि गुरुजींनी स्वतः आरसा घासून केलेली तोफेएवढी दुर्बीण त्या खळ्यावर मांडलेली होती. तिला कॅमेरा जोडून ते आकाशाच्या काचा काढायचे. धुवायचेही स्वतःच, शाळेच्या प्रयोगशाळेत. पण मोठी प्रत काढायचं यंत्र शाळेत नव्हतं.

"रामभाऊ, ह्याची मोठी प्रत हवी," गुरुजी म्हणाले. कागदात गुंडाळलेली काच त्यांनी दोन्ही हातांनी दिली, जसं बाळ देतात. "पुण्याला आकाशनिरीक्षकांच्या मंडळात दाखवायची आहे. रविवारी."

रामभाऊंनी काच मागच्या खोलीत आणली. "मास्तरांचं काम हाय," ते म्हणाले, आणि मग सवयीने म्हणाले, "चांगलं कर."

ज्ञानूने काच उजेडाला धरली आणि त्याला वाईट वाटलं.

काचेवर सगळीकडे बारीक काळे ठिपके होते, ते तारे. आणि मधोमध तांदळाच्या दाण्याएवढा एक पुसट डाग. भिंगातून बघितला तर आणखीच वाईट वाटलं. मध्ये मळकट, आजूबाजूला धुरकट. एका बाजूने एक हात निघून वळलेला, तोही अर्ध्यात विरलेला. दुसऱ्या बाजूला नुसता खुंट. आणि नेमका तोंडावर, जिथे एखादीला तीट लावतात तिथे, एक ठसठशीत ठिपका. अशा रूपाची मुलगी घेऊन कुणी आलं असतं तर ज्ञानू तिच्या बापाशी दोन शब्द मऊ बोलला असता.

त्याने दोन दुपारी काम केलं. जेवायला उठला नाही. गळालेला हात भरून काढला, खुंटाचा हात केला, आणि दोन्ही हात एकमेकांना शोभतील असे वळवले. मधला गाभा उजळला. गाभ्याच्या दोन्ही अंगांना जी धुरकट सावली होती ती चाकूने अलगद खरवडली, मध्ये पेन्सिल ओढली, म्हणजे दोन्ही हात एका सरळ दांडीला नीट धरून राहिले. मग तोंडावरचा तो ठिपका खरवडून काढला आणि वर फुंकर मारली. भिंग काढून बघितलं. आजवरच्या त्याच्या कामात इतकं सुंदर काम झालं नव्हतं, आणि हे त्याला बघताक्षणी कळलं.

गुरुजी प्रत घ्यायला आले. रामभाऊंनी ती पुढे केली. गुरुजींनी बघितली आणि ते जवळच्या स्टुलावर बसले. ते स्टूल फोटोसाठीचं होतं, मागे पडद्यावर कारंजं आणि राजहंस रंगवलेले होते. त्या राजहंसासमोर बसून गुरुजी बराच वेळ नुसते श्वास घेत होते.

"पाणी आणू का, गुरुजी?" ज्ञानूने विचारलं.

"दांडी," गुरुजी म्हणाले.

"आँ?"

"दांडी आहे. तीन वर्षं सांगतोय मी." त्यांनी चष्मा पुसला, प्रत परत बघितली आणि दोघांना जवळ बोलावलं. ही दीर्घिका आहे, ते म्हणाले. म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखं ताऱ्यांचं एक आख्खं गाव, सिंह राशीच्या पोटाखाली, इतकं लांब की तिथून निघालेला उजेड इथे पोचेपर्यंत डोंगर झिजतात. काही दीर्घिकांचे हात सरळ गाभ्यातून निघतात. काहींच्या गाभ्यातून आधी एक दांडी आरपार जाते आणि दांडीच्या टोकांपासून हात फुटतात. ही दुसऱ्या जातीची, असं त्यांना वाटायचं. पण ही फार अंधुक. पुण्याच्या मंडळातली माणसं आधीच्या काचा बघून म्हणायची, सावळाराम, तो डाग आहे, डागाला कसली दांडी.

"आणि हात बघा. दोन्ही सारखे," गुरुजी म्हणाले. "एवढी सारखी दीर्घिका मी पुस्तकातसुद्धा पाहिली नाही."

"आमच्याकडं काम चांगलंच हुतं," रामभाऊ म्हणाले.

गुरुजींचं बोट मग एका जागी थांबलं. "इथला तारा कुठे गेला?"

ज्ञानू पडद्यावरच्या राजहंसाकडे बघायला लागला.

"गेल्या वर्षीच्या काचेत होता. ठळक होता." गुरुजी उठून उभे राहिले, परत बसले. "गेला. म्हणजे तो साधा तारा नव्हताच, रामभाऊ. फुटलेला तारा होता तो. स्फोट झाला, वर्षभर पेटला आणि विझला. माझ्या डोळ्यांदेखत विझला आणि मला पत्ता नाही."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ज्ञानूला त्याच क्षणी सांगायचं होतं, की गुरुजी, तो विझला न्हाई, म्या त्याला मस समजलो. त्याने तोंड उघडलंही. पण रामभाऊंनी तेवढ्यात त्याच्या पाठीवर थाप मारली. "ह्यो आमचा ज्ञानू. ह्याच्या हातात जादू हाय." गुरुजींनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले. ज्यांचे हात कुणी असे घेतलेत त्यांना ठाऊक आहे, की ते सुटेपर्यंत खरं बोलता येत नाही. आणि सुटल्यावर तर अजिबातच नाही.

पुढचे चार दिवस वाईट गेले, कारण सगळे खूश होते.

रामभाऊंनी एक प्रत जास्तीची काढून दर्शनी काचेत लावली, नवरीमुलींच्या रांगेत. लोक थांबून बघायचे. वेल्ह्याकडचा एक म्हातारा, गेनबा नावाचा, बराच वेळ बघून आत आला.

"कुनाची हाय?"

"आभाळातली हाय," रामभाऊ म्हणाले.

"जमलं का?"

"अजून न्हाई. रविवारी पुण्याला दाखवायची."

"जमंल," गेनबा म्हणाला. "हातापायानं चांगली हाय."

ही बातमी शाळेत पोचली ती ताऱ्याच्या निधनासह. हेडमास्तर हळवे गृहस्थ होते. बुधवारी प्रार्थनेनंतर त्यांनी मुलांना सांगितलं, की आपल्या शाळेच्या शिक्षकांच्या डोळ्यांसमोर एक तारा कालवश झाला आहे, आणि दोन मिनिटं शांतता पाळायला लावली. ज्ञानू तेव्हा शाळेसमोरून सायकलवर चालला होता. आख्खी शाळा मान खाली घालून उभी दिसल्यावर तोही उतरला आणि टोपी काढून उभा राहिला. शिपायाने फाटकातून हळूच सांगितलं, कोण गेलं ते. ज्ञानूने मान आणखी खाली घातली. तारा कुठे आहे हे त्या सबंध गर्दीत त्याला एकट्याला माहीत होतं. स्टुडिओच्या मागच्या खोलीत, खिडकीखाली, कोपऱ्यातल्या धुळीत कुठेतरी. सकाळी केर काढला नसला तर.

त्या दिवशी त्याने रामभाऊंना सांगून टाकलं.

रामभाऊ पान लावत होते. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, मग चुना चोळत म्हणाले, "मग?"

"मग सांगाया नको का?"

"तू आजवर किती जणी गोऱ्या केल्यास?"

"लई."

"त्यांच्या सासरी जाऊन सांगितलंस? न्हाई ना. नांदतायत सगळ्या. हीबी नांदंल."

"अवो, पन गुरुजी पुण्याला चार शान्यासुरत्या मानसांफुडं हुबं ऱ्हानार. उद्या तिथल्या मोठ्या दुर्बिनीतनं कुनी बघितलं म्हंजी?"

"आभाळात जाऊन कोन बघतंय," रामभाऊ म्हणाले आणि पान तोंडात टाकलं, म्हणजे विषय संपला.

ज्ञानूला रात्री डोळा मिटला की गुरुजी दिसायचे, व्यासपीठावर, हातात प्रत घेतलेले, आणि समोरून कुणीतरी सभ्य माणूस उठून म्हणायचा, की गुरुजी, हे हाताने काढलेलं दिसतं. गुरुजींच्या तोंडावरचा रंग उतरायचा. आणि ज्ञानू, अंथरुणात पडल्या पडल्या, तो रंग पेन्सिलीने भरून काढायला लागायचा. मग दचकून उठून बसायचा.

शनिवारी शाळा सकाळची असायची. गुरुजी ती उरकून पासलीला गेले, पुण्याला जाण्याआधी दीर्घिका एकदा डोळ्यांनी बघायला. उजाडता परत निघणार होते. काच आणि प्रत त्यांच्याबरोबर होती. ज्ञानू दुपारच्या एसटीने निघाला. झोळीत टर्पेंटाइनची बाटली आणि कापूस होता. पेन्सिलीचं काम टर्पेंटाइनने पुसून निघतं. तेवढी एक आशा घेऊन तो वेल्ह्याला उतरला आणि पुढे पायी चालत राहिला.

खळ्याशी पोचला तेव्हा दिवस मावळत होता. ठकुबाई, म्हणजे गुरुजींच्या सासूबाई, गोठ्याच्या दारात शेणी रचत होत्या.

"कुठनं आलास रं?"

"भोरातनं. गुरुजींकडं काम हुतं. म्या फोटोवाला ज्ञानू."

"आगं बया, तू व्हय तो." ठकुबाईंनी पदराला हात पुसले. "लई उपकार झालं बाबा. तीन वर्सं ह्यो माजा जावई खळ्यावर बसतोय आन् लोक मला इच्यारत्यात, पीक तर कवाच घरात गेलं, राखन कशाची चाललीया? काय सांगू? आज आला तवा पयल्यांदा हसला खळ्यावर. जेवूनच जायाचं. कोंबडं कापते."

"नगं, नगं," ज्ञानू म्हणाला. पण कोंबडं तोवर ठकुबाईंच्या काखेत होतं.

गुरुजी खळ्यावर दुर्बिणीला टेकून उभे होते, अंधाराची वाट बघत. ज्ञानूला बघून त्यांनी हात पसरले. ज्ञानू ह्या वेळी दूरच उभा राहिला.

"गुरुजी, ती तशी न्हाई," तो म्हणाला. "म्या केलीय तशी."

गुरुजींना कळायला वेळ लागला. मग ते खळ्यातल्या तिवड्याच्या खांबाशी खाली बसले, कंदील जवळ ओढला, पिशवीतून काच काढली आणि उजेडाला धरली. स्टुडिओतून आल्यापासून त्यांनी ती उघडली नव्हती. प्रतीवरून नजर हटत नव्हती तर काच कोण उघडतो. कंदिलापुढे पेन्सिलीच्या बारीक रेघा लखलखल्या.

"उजवा हात?" गुरुजींनी विचारलं.

"म्या काढला."

"डावा?"

"अर्धा हुता. फुडं म्या वाढवला."

"गाभा?"

"हुता. पर मळका हुता."

"तारा?"

ज्ञानूने झोळीत हात घालून बाटली चाचपली.

"तारा, ज्ञानू."

"मस वाटला मला. खरवडला."

"मग कुठे गेला?"

"फुंकर मारली."

गुरुजींनी मान हलवली, जशी वर्गात एखाद्याचं गणित पायरी पायरीने चुकत गेल्यावर हलवत असतील. "हेडमास्तरांना सांगावं लागेल," ते पुटपुटले. "सबंध शाळा उभी केली त्यांनी."

ज्ञानूने घाईघाईने बाटली काढली. "पेन्सिल पुसती, गुरुजी. ह्यानं समदी जाती. मूळची हुती तशी करून देतो." तो कंदिलापाशी बसला आणि कापसाने काच पुसायला लागला. आधी उजवा हात गेला, खुंट राहिला. डावा हात अर्ध्यात विरला. गाभा मळकट झाला. ज्ञानूला आयुष्यात पहिल्यांदा कुरूप करायचं काम मिळालं होतं आणि तो ते जीव लावून करत होता. शेवटी त्याने मधली दांडी पुसली.

दांडी राहिली.

फिकी झाली, पण राहिली. गाभ्याच्या आरपार, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक पुसट सरळ पट्टी. गुरुजींनी काच त्याच्या हातातून ओढून घेतली आणि भिंग लावलं.

"आहे," ते म्हणाले. "पेन्सिल गेली तरी आहे. ज्ञानू, ही खरी आहे."

हे इथेच सोडून देता आलं असतं. ज्ञानूला ते स्पष्ट दिसत होतं. तो गप्प राहिला असता तर गुरुजी हसत घरात गेले असते, सगळ्यांनी कोंबडं खाल्लं असतं, आणि सकाळी दांडी पुण्याला गेली असती.

"गुरुजी, म्या दोनी बाजू खरवडल्यात," तो म्हणाला.

"कसल्या बाजू?"

"दांडीच्या. तिथं धुरकट हुतं, ते चाकूनं काढलं. चाकूचं परत येत न्हाई. दोन्हीकडचं काढल्यावर मधलं ऱ्हानारच की पट्टीवानी."

खाली घरात ठकुबाई वाटण वाटत होत्या, त्याचा आवाज येत होता.

"नीट आठव," गुरुजी अगदी हळू म्हणाले. "तू चाकू लावायच्या आधी भिंगातून बघितलंस. मी ती काच भिंगाखाली धरलीच नव्हती, ओली असताना एकदा उजेडाला धरली तेवढीच. ती जशी होती तशी बघणारा जगात तू एकटा आहेस. मधलं आजूबाजूपेक्षा गडद होतं का? थोडंसुद्धा?"

ज्ञानूने डोळे मिटले. त्याला ती काच आठवली, खिडकी आठवली, हातातली पेन्सिल आठवली. डाग आठवायला गेला की हात पुरे व्हायचे. परत सुरुवात केली, की गाभा उजळायचा. त्याने दुसरं काहीतरी आठवून बघितलं: उत्रोलीची कुणीतरी मुलगी, परवाच काम केलेली. तिचा फोटो आठवला, मुलगी आठवेना. आईचं तोंड आठवून बघितलं. आईच्या गालावर देवीचे व्रण होते, हे त्याला माहीत होतं. दिसले मात्र नाहीत.

"होतं म्हण, नाहीतर नव्हतं म्हण," गुरुजी म्हणाले. त्यांचा आवाज आर्जवाचा झाला होता आणि ते ऐकणं सगळ्यात वाईट होतं.

"ठावं न्हाई," ज्ञानू म्हणाला. "मी कशाकडंबी नुसता बघतच न्हाई, गुरुजी. बघाया लागलो की दुरुस्तच कराया लागतो."

गुरुजींनी काच परत कागदात गुंडाळली. प्रत चौपदरी घडी करून खिशात घातली. "उद्या जाऊन सांगतो," ते म्हणाले. "काच माझ्या हातून बिघडली म्हणून."

"माजं नाव सांगा. म्या बिघडवली. मी येतो संगं, चार लोकांत सांगतो."

"तुझं नाव सांगितलं तर ते विचारतील, ह्याने मूळ काच पाहिली होती, मग दांडी होती का नव्हती?" गुरुजी म्हणाले. "आणि तुला ते माहीत नाही."

त्यांनी हे रागाने म्हटलं असतं तर ज्ञानूला बरं वाटलं असतं. दोष घ्यायलासुद्धा आपण उपयोगाचे नाही, हे त्याला असं कुणी कधी सांगितलं नव्हतं. तो मान खाली घालून खळ्याच्या सारवलेल्या जमिनीकडे बघत बसला. जमिनीला एक भेग गेली होती. तो ती मनात बुजवायला लागला आणि थांबला.

अंधार पडला. सिंह राशी डोंगरावर आली. गुरुजी उठले, बराच वेळ दुर्बीण वळवत राहिले, मग बाजूला झाले.

"ये," ते म्हणाले. "मधोमध आहे बघ. काही जोडू नकोस. आहे तेवढंच सांग."

ज्ञानूने दोन्ही हात पाठीमागे धरले आणि डोळा लावला. आधी नुसता काळोख. मग काळोखात एक फुंकरीएवढा उजेड, आहे नाही असा. तो श्वास धरून बघत राहिला. आणि मग त्याला दांडी दिसली. सरळ, स्वच्छ, दोन्ही टोकांना नेमकी संपणारी, कडा घोटलेल्या.

"काय दिसतं?" गुरुजींनी विचारलं. त्यांनी कंदील विझवला होता, त्यामुळे त्यांचं तोंड दिसत नव्हतं.

"माजी पेन्सिल दिसती, गुरुजी," ज्ञानू म्हणाला.